वापरलेली हायब्रिड गाडी : हिशेब आणि भरवसा

व्यापारी कुटुंबात पैशाचा लहानसा व्यवहारही पारखून केला जातो. परंतु गाडी घेताना ही पारख बहुधा बाजूला राहते. यंत्रमाग जुना घेताना कोणास संकोच वाटत नाही. जुना गाळा, जुने गोदाम, जुना वजनकाटा घासाघीस करून स्वस्तात मिळवला, तर घरात कौतुकच होते. गाडी मात्र नवीच हवी, तीही दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर, झेंडूचा हार घालून दारात उभी राहिलेली. वापरलेल्या गाडीचा विषय निघालाच तर दबक्या आवाजात निघतो. पेढीला तंगी आहे असा अर्थ बाजार काढील, ही त्यामागची खरी धास्ती. उधारीवर चालणाऱ्या व्यापारात ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक ती दारातल्या गाडीवरून मोजतात.

या जुन्या प्रश्नाला आता एक नवा पदर जोडला गेला आहे. २०२२ हे वर्ष भारतातील हायब्रिड गाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती आली, सप्टेंबरमध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा व टोयोटाची हायरायडर आली आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉसही दाखल झाली. त्या वेळी घेतलेल्या या गाड्या आता पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या आहेत. त्यामुळे मध्यमवर्गीय व व्यापारी घरांपुढे प्रश्न उभा राहतो, की इंजिन आणि बॅटरी अशी दुहेरी यंत्रणा असलेली ही गाडी, तीही वापरलेली, घ्यावी काय?

इचलकरंजीतील एका सुताच्या पेढीवर गेल्या वर्षी हाच प्रश्न आला. पेढी तीन पिढ्यांची. कारभार आप्पांच्या नावाने चालतो. वय सत्तरीच्या पुढे. थोरले चिरंजीव गिरण्यांकडील खरेदी पाहतात, धाकटे यंत्रमागवाल्यांकडील वसुली. थोरल्या सूनबाई सनदी लेखापाल असून पेढीची वही त्यांच्या हाती आहे. घरची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली होती, दोन लाख किलोमीटर ओलांडून गेली होती आणि दर दोन महिन्यांनी काही ना काही काम काढत होती. गाडी बदलणे भाग होते. धाकट्यांचे मन नव्या, मोठ्या गाडीवर होते. त्यांच्या सोबतच्या दोन व्यापाऱ्यांनी तशा गाड्या त्याच दसऱ्याला घेतल्या होत्या. आप्पांचा नव्या गाडीला विरोध नव्हता. त्यांचा विरोध हायब्रिडला होता. "दोन घोडे जुंपले की दोघांचाही चारा बघावा लागतो," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या या एका वाक्यात सर्वसामान्य माणसाची शंका नेमकी आली आहे. यंत्रे दोन, म्हणजे बिघाडही दुप्पट, असे मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी यंत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते आणि त्या मोटरला वीज पुरवणारी एक बॅटरी असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हायब्रिडमध्ये त्याच वेळी मोटर उलट काम करू लागते, जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या वेगातील काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत जमा करते. पुढे सिग्नलवरून गाडी हलवताना ही जमा रक्कम खर्ची पडते. इंजिन अकारण घुरघुरत राहत नाही. म्हणूनच शहरातील थांबत थांबत चालणाऱ्या रहदारीत हायब्रिडचा फायदा सर्वाधिक दिसतो आणि महामार्गावर एका वेगाने धावताना तो कमी होतो. या गाडीला भिंतीतल्या प्लगला जोडावे लागत नाही. ती आपली वीज आपणच मिळवते.

येथे खरेदीदाराने एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. जाहिरातीत 'हायब्रिड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या प्रकारांना लावला जातो. पहिला सौम्य, म्हणजे माइल्ड हायब्रिड. २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझमध्ये आलेली यंत्रणा याच प्रकारची. यात मोटर इंजिनाला थोडा हात देते, पण ती एकटी गाडी ओढू शकत नाही. दुसरा स्ट्राँग हायब्रिड. यात काही अंतर गाडी केवळ विजेवर चालते. ग्रँड व्हिटारा व हायरायडर या गाड्या तर दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या. नाव एक, चेहरा एक, आतले यंत्र वेगळे आणि किमतीत लाखांचा फरक. सुताच्या कोनावरील कागद न वाचता चाळीस काउंटच्या भावाने तीस काउंट घेणाऱ्याची जी गत होते, तीच येथे प्रकार न तपासणाऱ्याची होईल.

आता विश्वासार्हतेकडे वळू. मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली हायब्रिड गाडी म्हणजे टोयोटा प्रियस. ती जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. म्हणजे या तंत्राला पाव शतकाहून अधिक काळाचा अनुभव पाठीशी आहे. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, २०१० मध्ये प्रियस आली आणि २०१३ पासून बंगळुरूजवळील बिडदी येथे कॅमरी हायब्रिडची जुळणी सुरू झाली. या गाड्या महाग होत्या व थोड्याच घरांत पोहोचल्या. त्यामुळे आपल्याकडे अनुभव कमी आणि ऐकीव माहिती जास्त, अशी स्थिती राहिली. इतरत्र मात्र भरपूर अनुभव जमा झाला. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-नियतकालिकाने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरहून अधिक धावलेली २००२ सालची प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी जवळपास नव्या असलेल्या त्याच प्रकारच्या गाडीची चाचणी त्यांनी घेतली होती. दोन्ही चाचण्यांतील इंधनाची सरासरी जवळजवळ सारखीच निघाली. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे तर जपानमधून आलेल्या वापरलेल्या प्रियस गाड्या इतक्या आहेत, की त्या शहराचे चित्र त्यांच्यावाचून पूर्ण होत नाही. आणि तेथील हिवाळा जगातील अतिकठोर हिवाळ्यांपैकी एक आहे.

दोन यंत्रे असूनही हे कसे घडते? याचे उत्तर असे, की टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये काही भाग वाढतात तसे काही भाग नाहीसेही होतात. क्लच नसतो. नेहमीच्या पद्धतीचा गिअरबॉक्स नसतो. त्याच्या जागी दातेरी चक्रांची एक सुटसुटीत रचना असते. वेगळा स्टार्टर नसतो आणि वेगळा अल्टरनेटरही नसतो; ही दोन्ही कामे विजेच्या मोटर-जनित्राकडेच असतात. वेग कमी करण्याचा बराचसा भार मोटर घेत असल्याने ब्रेकचे पॅड अधिक काळ टिकतात. बॅटरीच्या दीर्घायुष्याचे कारणही समजण्यासारखे आहे. गाडीतील संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवत ठेवतो. ज्या खात्यात शिल्लक कधी शून्यावर येत नाही आणि उचलही मर्यादेच्या टोकाला जात नाही, ते खाते वर्षानुवर्षे निरोगी राहते, तसाच हा प्रकार.

बॅटरीची भीती बरीचशी पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीशी होणाऱ्या गल्लतीतून येते. २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन या विजेच्या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी अवघी ०.७६ किलोवॉट-तासांची, म्हणजे तिच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकी आहे. बदलण्याचा खर्चही त्यामुळे पुष्कळ कमी. तथापि तो खर्च आहे, आणि ज्या खर्चाची शक्यता आहे त्याची तरतूद वहीत असलीच पाहिजे.

निर्दोष यंत्र मात्र जगात कोणतेच नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत टोयोटाने विजेचा प्रवाह रूपांतरित करणाऱ्या इन्व्हर्टरमधील दोषासाठी जगभरातील सुमारे १९ लाख प्रियस गाड्या परत बोलावून दुरुस्त करून दिल्या. यातून खरेदीदाराने घ्यायचा बोध असा, की आपण घेत असलेल्या गाडीसाठी असे एखादे आवाहन झाले होते काय आणि ते काम पूर्ण करून घेतले आहे काय, हे चासी क्रमांकावरून अधिकृत कार्यशाळेत विचारून घ्यावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

सूनबाईंनी घरात वाद घातला नाही. त्यांनी एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. नवी हायब्रिड रस्त्यावर येईपर्यंत साडेवीस लाखांची. तीन वर्षे वापरलेली, तशाच प्रकारची, साडेतेरा लाखांची. फरक सात लाखांचा. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यावरील व्याज दहा टक्के धरले, तर हे सात लाख खात्यात राहिल्याने वर्षाला सत्तर हजार रुपये वाचतात. यंत्रमागवाल्यांची येणी लांबली की गिरणीचे देणे भागवण्यासाठी हाच पैसा उपयोगी पडतो. नव्या गाडीच्या किमतीत वस्तू व सेवा कर असतो. मोठ्या हायब्रिड गाड्यांवर तो उपकरासह ४३ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीस किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहनकर येतो. प्रवासी गाडीवर भरलेला वस्तू व सेवा कर सुताच्या व्यापाऱ्याला जमा म्हणून मिळत नाही. म्हणजे हा सारा पैसा पहिल्या मालकाच्या खिशातून एकदाच जातो. त्याच राज्यातील वापरलेली गाडी घेणाऱ्याला एकरकमी वाहनकर पुन्हा भरावा लागत नाही.

"म्हणजे बचत पेट्रोलची नाही, भांडवलाची आहे," आप्पा कागद पाहून म्हणाले.

"आप्पा, आधी भांडवलाची. पेट्रोलची दुसऱ्या क्रमांकावर, आणि तीही गाडी फिरली तरच," सूनबाई म्हणाल्या.

दुसरा कागद पेट्रोलचा होता. हायब्रिडचा प्रमाणित आकडा मोठा दिसतो. हायरायडर व ग्रँड व्हिटारासाठी तो लिटरला २७.९७ किलोमीटर असा जाहीर झाला होता. असे आकडे ठराविक चाचणीतले असतात. रस्त्यावर ते तसेच मिळत नाहीत. म्हणून सूनबाईंनी सावध अंदाज धरला. साधी पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर, हायब्रिड २० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर. वर्षाला १८,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पहिल्या हिशेबाने १,३८५ लिटर लागतात, दुसऱ्याने ९००. वर्षाची बचत सुमारे ५१ हजार रुपये. हीच गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच धावली, तर बचत १७ हजारांवर येते. वापरलेल्या बाजारात साध्या पेट्रोल गाडीपेक्षा तशीच हायब्रिड अडीच लाखांनी महाग पडते असे धरले, तर पहिल्या घराची रक्कम पाच वर्षांत वसूल होते आणि दुसऱ्या घराला जवळजवळ पंधरा वर्षे लागतात. तोपर्यंत गाडीच्या नोंदणीची मुदत संपून गेलेली असते.

त्यांनी तिसरी ओळही लिहिली. बॅटरीसाठी दरमहा दीड हजार रुपये वेगळे ठेवायचे; पाच वर्षांत ९० हजार होतात. पाच वर्षांनी गाडी विकताना अडीच लाखांच्या जादा किमतीपैकी एक लाख परत येईल असे धरले, तर खरा जादा भार दीड लाखांचा राहतो. पेट्रोलची बचत दोन लाख ५५ हजार. बॅटरीचे ९० हजार सारे खर्ची पडले तरी एक लाख ६५ हजार उरतात, म्हणजे व्यवहार तोट्यात जात नाही. बॅटरी टिकली तर एक लाखाहून अधिक शिल्लक पडते. वाईटात वाईट शक्यता धरूनही जो व्यवहार बुडत नाही तो करावा, हा व्यापाराचा नियम या हिशेबाला लागू पडला. पेढीची गाडी आठवड्यातून चार दिवस इचलकरंजीच्या गल्ल्यांतून आणि कोल्हापूर-सांगलीच्या रहदारीतून फिरते. तिचे वर्षाचे धावणे १८ हजारांच्या आसपास होतेच. आप्पांनी मान हलवली.

खरी कसोटी येथून पुढे होती. दोन गाड्या पाहण्यात आल्या. दोन्ही एकाच सालच्या, एकाच रंगाच्या. पहिली एका मध्यस्थाकडे होती, किंमत पावणेबारा लाख. धावलेले किलोमीटर कमी, आतील बैठका नव्यासारख्या, वास अत्तराचा. दुसरी पुण्यातील एका नोकरदार गृहस्थांची, किंमत साडेतेरा लाख; बंपरवर ओरखडा, बैठका थोड्या मळलेल्या, परंतु प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेवार लावलेली. धाकटे चिरंजीव साहजिकच पहिलीकडे झुकले. पावणेदोन लाखांचा फरक लहान नव्हता.

आप्पांनी अत्तराचा वास घेतला आणि खाली वाकून मागच्या बैठकीखालच्या पट्टीत बोट घातले. बोटाला बारीक, पिवळसर, वाळलेला गाळ लागला. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला त्या गाळाची ओळख पटवून द्यावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर पाहिला. पाणी ओसरल्यावर गोदामांच्या फटींतून महिनोन्‌महिने असाच गाळ निघत होता. ही गाडी त्या पुरांनंतरची. म्हणजे पाणी तिने दुसरीकडे कुठेतरी पाहिले होते. बैठकीचे बोल्ट गंजलेले होते. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिला, तेव्हा आतल्या टोकाला पाण्याची रेघ स्पष्ट दिसली. विम्याच्या दाव्याचा इतिहास मागितल्यावर मध्यस्थाने विषय बदलला.

पाण्यात बुडालेली कोणतीही गाडी घेऊ नये. हायब्रिड तर मुळीच घेऊ नये. तिच्या पोटात जाड नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या तारा असतात, इन्व्हर्टर असतो, बॅटरीचे नियंत्रण करणारी नाजूक यंत्रणा असते. पाण्याने केलेला घात त्याच दिवशी दिसत नाही; तो जोडांमध्ये हळूहळू गंज धरून महिन्यांनी बाहेर येतो. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेल्या अशा गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात आणि त्यांतील काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. पावणेदोन लाखांची सूट दिसते, ती या गाळाची किंमत असते.

"अहो आप्पा, आपल्याला गाडी घ्यायची आहे, तिचा जन्मदाखला नव्हे," धाकटे थोडे चिडूनच म्हणाले.

"सूत घेताना तू काय बघतोस?" आप्पांनी विचारले. "लॉट नंबर. का? तर लॉट मिसळला की रंगवल्यावर कापडावर पट्टा उठतो. कोन हातात घेऊन तो पट्टा दिसत नाही. कागदावरच दिसतो."

वापरलेल्या हायब्रिडच्या विश्वासार्हतेचे मर्म याहून नेमकेपणाने सांगणे अवघड आहे. कर्ज देताना जाणता अधिकारी तारण पाहतो. पण त्याआधी खातेदाराचा मागील व्यवहार पाहतो. कंपनीचे नाव हे तारण. सर्व्हिसची नोंद हा व्यवहार. नामांकित कंपनीची, पण नोंदी नसलेली गाडी म्हणजे मोठ्या घराण्यातील, पण हप्ते थकवणारा कर्जदार.

पुण्याची गाडी घ्यायचे ठरले. तरीही तपासणी सोडली नाही. ती अधिकृत कार्यशाळेत नेऊन हायब्रिड यंत्रणेची संगणकीय तपासणी करवली आणि तिचा छापील अहवाल घेतला. बॅटरीवरील हमी कागदावर वाचली. ती पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षे किंवा एक लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची होती. मालक बदलल्यावर ती पुढे लागू राहते काय, हे लेखी विचारून घेतले. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालवून पाहिली. ती विजेवर निःशब्द हलली, पुढे इंजिन धक्का न देता जागे झाले, आणि पडद्यावरील बॅटरीची पातळी घाईघाईने खालीवर होत नव्हती. साध्या १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचे वयही पाहिले. हायब्रिड सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा ही लहान बॅटरी असते आणि दोष मोठीवर येतो.

कागदोपत्री बाजू सूनबाईंनी सांभाळली. 'वाहन' संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, मालकांची संख्या, विमा आणि कर्जाचा बोजा तपासला. आधीच्या मालकांचे कर्ज फिटले होते, परंतु नोंदणीवरून बोजा उतरवलेला नव्हता. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरेपर्यंत त्यांनी पूर्ण रक्कम दिली नाही. हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० पूर्ण भरून घेतले. एकही रकाना कोरा ठेवला नाही. विक्रेत्यांनी दोन लाख रोख मागितले होते. त्यांना नम्रपणे नकार दिला गेला. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शिवाय एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलेली रक्कम घसाऱ्यासाठी गाडीच्या किमतीत धरली जात नाही. संपूर्ण रक्कम बँकेतून गेली. वापरलेल्या गाडीवरही पेढीला नव्याप्रमाणेच १५ टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा.

जुनी डिझेल गाडी विकताना आणखी एक बाब पुढे आली, जी अनेक पेढ्यांच्या ध्यानात येत नाही. वस्तू व सेवा करात नोंदणी असलेल्या पेढीने, घसारा घेतलेली गाडी विकली, तर विक्रीची किंमत आणि आयकराच्या हिशेबाने घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरकावर कर लागतो. १६ जानेवारी २०२५ पासून हा दर सर्व प्रकारच्या वापरलेल्या गाड्यांना १८ टक्के आहे. उरलेली किंमत ३,२०,००० आणि विक्री ४,१०,००० असेल, तर ९०,००० वर १६,२०० रुपये कर. विक्री उरलेल्या किमतीपेक्षा कमी झाली, तर कर नाही. नोंदणी नसलेल्या खासगी व्यक्तीने स्वतःची गाडी विकली, तर हा कर येत नाही. म्हणून पुण्याच्या गृहस्थांच्या विक्रीवर तो नव्हता. विकलेल्या गाडीचे हस्तांतरण नोंदणीवर झाले, याची खात्रीही पेढीने करून घेतली. नोंदणीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

गाडी येऊन आठ महिने झाले तेव्हा भर उन्हाळ्यात पडद्यावर इशाऱ्याचा दिवा लागला. धाकट्यांनी आप्पांकडे पाहिले. दुसऱ्या घोड्याचा चारा आता निघणार, असे सर्वांनाच वाटले. कार्यशाळेत दोष अर्ध्या तासात सापडला. या गाडीची बॅटरी हवेने थंड राहते आणि ती हवा मागच्या बैठकीजवळील जाळीतून आत जाते. सुताचे नमुने मागच्या बैठकीवर ठेवण्याची पेढीची जुनी सवय. तंतू व धूळ जाळीच्या गाळणीत अडकून हवेचा मार्ग कोंडला होता. गाळणी साफ झाली, बिल काही शे रुपयांचे आले. कारागिराने एवढेच बजावले, की ही जाळी कधी झाकू नका आणि उच्च दाबाच्या भागाला रस्त्यावरच्या मेकॅनिकचा हात लावू देऊ नका. हायब्रिडच्या देखभालीत साध्या गाडीपेक्षा वेगळे म्हणून जे आहे, ते बहुतांशी या दोन सूचनांत येते.

या गाडीने सर्वांचे सारखेच भले होईल, असे समजू नये. ज्यांचे धावणे वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच आहे, त्यांना वापरलेली साधी पेट्रोल गाडी पुरेशी आहे. ज्यांचे धावणे बहुतेक महामार्गावर आहे, त्यांनी डिझेलशी तुलना करून मगच ठरवावे. ज्यांच्या गावापासून अधिकृत कार्यशाळा फार दूर आहे, त्यांनी दोनदा विचार करावा. विक्रेता "मी इतक्याला घेतली होती" असे सांगतो, त्या रकमेला महत्त्व नाही. कर कमी झाल्यानंतरची आजची नवी किंमत हाच तुलनेचा आधार. गाडीचे वय चार वर्षे झाले असेल, तर आठ वर्षांच्या हमीतील निम्मी हमी संपली, हेही भाव ठरवताना मोजावे.

इचलकरंजीच्या त्या पेढीवर आता सुताच्या लॉटच्या वहीशेजारी एक छोटी वही ठेवलेली असते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की तारीख, लिटर व किलोमीटर तीत लिहिले जातात. गेल्या दिवाळीपर्यंतची सरासरी १९.४ निघाली, धरलेल्या वीसपेक्षा थोडी कमी. सूनबाईंनी पुढील वर्षाच्या हिशेबात तोच आकडा घेतला. सात लाख रुपये कॅश क्रेडिट खात्यात आहेत. श्रावणात यंत्रमागवाल्यांची येणी दीड महिना लांबली, तेव्हा गिरणीचा धनादेश ठरल्या तारखेला वटला. बाजाराने पेढीची पत त्या दिवशी त्या धनादेशावरून मोजली. दारात उभी असलेली गाडी नवी की जुनी, हे कोणी विचारले नाही.